एकूण चुका सत्तावीस

४ एप्रिल, शुक्रवार

प्रिय टिंब,

तू जन्मलीस तेव्हा एवढीशी होतीस, की अक्षरावरचं टिंब म्हणून मीच तुला हे नाव पाडलं होतं. सहा वर्षांनी ते कागदावर लिहितोय. या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, माहीत नाही. पण दुसरं काही लिहिलं असतं तर ते ऑफिसचं पत्र वाटलं असतं.

आपल्यात जे झालं त्यात दोन्ही बाजूंनी थोडंथोडं चुकलं असेल. तो विषय आज नको. कामाचंच लिहितो.

छापखाना बंद झाला हे आईने तुला सांगितलंच असेल. शेवटच्या दिवशी मालकांनी सगळ्यांना चहा दिला आणि मला म्हणाले, ‘खुर्ची घरी घेऊन जा. तीस वर्षांत तिला तुमचाच आकार आलाय, दुसरा कोण बसणार?’ ती आता बाल्कनीत आहे. प्रुफं तपासायला कुणी देत नाही. आता म्हणे यंत्रच चुका दाखवतं.

डिसेंबरपासून मी एका प्राथमिक शाळेत जातो. पद आहे वाचन-मदतनीस. दुसरीच्या वर्गात बाई फळ्यापाशी शिकवतात आणि जी मुलं मागे पडतात त्यांच्याशेजारी मी बसतो. खुर्ची इतकी बुटकी, की माझे गुडघे हनुवटीला लागतात. मुलं मला काका म्हणतात. बाई वयाने तुझ्याहून फार मोठ्या नसतील, त्याही काकाच म्हणतात.

आता नवा नियम आलाय. जूनपासून आम्हाला ‘वर्ग-सहायक’ म्हणणार आणि वर्ग-सहायकाला पदवी हवी, निदान पदवीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश तरी घेतलेला हवा. माझं प्रमाणपत्र घर बदलताना कुठेतरी गहाळ झालं. ते शोधत बसण्यापेक्षा नवीच पदवी घ्यावी, असं ठरवलं आहे.

संध्याकाळच्या कॉलेजात तीन अभ्यासक्रम चालतात. भाषा व साहित्य, तीन वर्षं. बालशिक्षण, तेही तीन; त्यात गाणी, खेळ, कागदकाम आहे, आणि या वयात मी बेडूकउड्या मारणं बरं दिसणार नाही. तिसरा विशेष शिक्षण, चार वर्षांचा. त्यात निम्मे दिवस प्रत्यक्ष वर्गात, शिकायला अडचण असलेल्या मुलांबरोबर काढावे लागतात. मी बावन्न वर्षांचा. भाषा घेतोय. पुस्तकं ओळखीची, व्याकरण तोंडपाठ. पहिला आलो तर आश्चर्य वाटायला नको.

तुला माहीत असावं म्हणून कळवलं.

बाबा

ता. क. तुमच्या फ्रेमच्या दुकानात काम वाढलंय असं आई म्हणत होती. काच कापताना हातमोजे घालत जा.


१९ एप्रिल, शनिवार

प्रिय टिंब,

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं होतं. प्रमाणपत्र गहाळ झालेलं नाही. ते कधी नव्हतंच.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझे दोन विषय राहिले. दुसऱ्या वर्षी परीक्षेला बसलोच नाही. पुन्हा नापास होण्यापेक्षा न बसणं बरं, असं मला तेव्हा वाटलं. छापखान्यात कागद कुणी मागितला नाही. दोन पानं तपासायला दिली, माझी नजर बघितली आणि ठेवून घेतलं. तिथे कुणीतरी विचारलं, ‘पदवीधर ना?’ मी ‘हो’ म्हटलं. मग लग्न ठरताना तेच सांगितलं. मग तुझ्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं : वडिलांचं शिक्षण, पदवीधर.

तू बारावीला दुसऱ्यांदा नापास झालीस, तेही भाषेत, त्या दिवशी घरी पाहुणे जेवायला होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, ‘पदवीधर बापाच्या पोटी हे रत्न.’ पाहुणे हसले. तू ताटावरून उठली नाहीस. मान खाली घालून शेवटचा घास संपेपर्यंत जेवलीस, ताट उचलून नेलंस. मला तो निगरगट्टपणा वाटला. आठवड्याने तू घर सोडलंस.

हे सगळं आज लिहितोय, कारण काल मुख्याध्यापिकांनी बोलावलं होतं.

‘काका, तुमच्या अर्जात पदवीधर लिहिलंय. प्रमाणपत्र हरवलं असेल तर दुसरी प्रत मिळते. आठवड्याभरात मिळते.’

‘नाही मिळणार,’ मी म्हटलं.

‘का?’

‘यादीत नाव सापडणार नाही.’

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ‘मुलांना तुम्हीच सांगता ना, उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, मनाचं काही लिहू नका?’

मी मान हलवली.

‘एकतीस मेपर्यंत प्रवेश घेतल्याचा कागद आणा. नाहीतर मला हे वर कळवावं लागेल. आणि मग ही शाळाच काय, कुठलीच शाळा तुम्हाला दारात उभं करणार नाही.’

बाहेर आलो तर व्हरांड्यात दुसरीची मुलं रांगेत उभी. ‘काका, तुम्हाला ओरडा बसला?’ एकाने विचारलं. मी ‘नाही’ म्हटलं. तेही खोटंच.

आईला अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगतोय, कारण तू समोर नाहीस. हा शूरपणा नव्हे, एवढं मला कळतं.

बाबा


३ मे, शनिवार

टिंब,

भाषेचा अर्ज भरून ठेवलाय. अजून दिलेला नाही. का, ते सांगायला मला जरा मागे जावं लागेल.

वर्गात एक मुलगी आहे. मुलं तिला खोडरबर म्हणतात. एक शब्द लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते, शेवटी कागदाला भोक पडतं. त्या भोकातून ती एका डोळ्याने माझ्याकडे बघते. वेलांटी डावीकडे की उजवीकडे, हे तिच्या हाताला रोज नव्याने ठरवावं लागतं. चार महिने मी तिच्याशेजारी बसतोय.

गेल्या सोमवारी तिने पहिल्यांदाच न खोडता सहा ओळी लिहिल्या. धावत माझ्याकडे आली, ‘काका, झालं!’ माझ्या खिशात लाल पेन होतं. माझ्या खिशात ते नेहमीच असतं. मिनिटभरात चौदा गोल केले आणि कागद परत दिला. तिने कागद चार घड्या करून दप्तरात ठेवला.

मंगळवारी बाईंनी पुन्हा लिहायला दिलं. खोडरबर सगळ्यांच्या आधी उठली आणि कोरा कागद माझ्यापुढे धरला.

‘काका, बघा. यात एकपण चूक नाही.’

चेष्टा करत नव्हती गं. खरंच खूश होती. तिला युक्ती सापडली होती.

मधल्या सुट्टीत बाईंनी मला थांबवलं. ‘काल तिने काय लिहिलं होतं?’

‘चौदा चुका होत्या. वेलांट्या तर सगळ्याच...’

‘ते नाही विचारत. कशाबद्दल लिहिलं होतं?’

मला सांगता येईना. मांजर होतं की मावशी होती? काहीतरी ‘म’वरून होतं.

‘काका,’ बाई डबा उघडता उघडता म्हणाल्या, ‘तुम्ही वाचलंत, की नुसतं तपासलंत?’

छापखान्यात हाच माझा गुण होता. मजकुरात गुंतलास की चूक सुटते, हे मला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तीस वर्षांत मी शेकडो पुस्तकं छापायला सोडली आणि त्यातलं एकही वाचलेलं नाही.

आता जे लिहायचं आहे, ते टाळण्यासाठी मी एवढी पानं भरली.

घर सोडल्यावर सहा महिन्यांनी तुझं पत्र आलं होतं. मला, माझ्या नावाने. दोन पानं, निळ्या शाईत. आई बाजारात गेली होती. मी ते टेबलावर पसरलं, लाल पेन घेतलं आणि तपासलं. खाली लिहिलं : ‘एकूण चुका सत्तावीस. पुन्हा लिहून पाठव.’ आणि त्याच दिवशी ते पाकिटात घालून तुझ्या पत्त्यावर परत पाठवलं.

मी स्वतःला सांगत आलो, की ‘पुन्हा लिहून पाठव’ म्हणजे मी दार उघडंच ठेवलं होतं. तूच हट्टी, तूच लिहिलं नाहीस. ‘दोन्ही बाजूंनी चुकलं’ असं पहिल्या पत्रात लिहिलं, ते याच हिशोबाने. ते वाक्य खोडतो.

मंगळवारपासून मी आठवायचा प्रयत्न करतोय. चुका मला आजही दिसतात, पानावर कुठे होत्या त्या जागेसकट. पहिल्या ओळीत ‘मि’. मग ‘खोलि’, ‘एकटि’. मधे कुठेतरी ‘भिती’, दोनदा, आणि दोन्हींत पहिली वेलांटी चुकलेली. ‘आठवन’ला बाणातला ण नाही. शेवटच्या ओळीत ‘येउ’.

पण त्या पत्रात तू काय लिहिलं होतंस, ते मला आठवत नाही. ते मी वाचलंच नव्हतं.

बाबा


११ मे, रविवार

टिंब,

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. आधी पदवीचं.

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तुमच्या आईंनी सांगितलं होतं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही इतक्या मनापासून खोटं बोलत होतात, मधे कशाला बोलू?’

मग तुझ्या पत्राचं. हे मात्र तिला सांगताना मला दोनदा पाणी प्यावं लागलं. ती गवार निवडत होती. हात थांबला नाही.

‘तेही माहीत आहे. ती लिहायला बसली तेव्हा अंगात ताप होता. बरोबरची मुलगी खोली सोडून गेली होती, दुकानातलं काम अजून पक्कं नव्हतं. चार दिवस लागले तिला ती दोन पानं लिहायला. त्यात तिने विचारलं होतं, बाबा, मी परत घरी येऊ का?’

मी ‘येउ’भोवती गोल केला होता. समासात दीर्घ ‘ऊ’ काढून दाखवला होता. चांगला ठळक.

‘तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?’ मी विचारलं.

‘तिनेच शपथ घातली होती. म्हणाली, बाबांना वाचून कळलं नाही, ते सांगून काय कळणार? मग मीच गेले तिच्याकडे. बहिणीकडे म्हणून पंधरा दिवस गेले होते, आठवतं? परत आल्यावर तुम्ही मला पहिलं काय विचारलंत? इस्त्रीवाल्याचे कपडे आणलेस का.’

आठवतं.

मग तिने टोपली बाजूला ठेवली. ‘आणि तुम्ही आता तिला ही लांबलचक पत्रं पाठवताय. तुमचं एक पान वाचायला तिची अख्खी संध्याकाळ जाते. बोट ठेवून, ओळ ओळ. तरी वाचते. सगळी वाचली आहेत तिने.’

हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलंच नव्हतं. लोकांना मी सांगतो, माझी मुलगी कलाक्षेत्रात आहे. फ्रेमच्या दुकानात काच कापते, असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि तू तिथे केसाइतका फरक न पडू देता मापं घेतेस, असं आई म्हणते. ते माप घेताना आकडे उलटे दिसत असतील तर तू काय करतेस? दोनदा घेतेस? बोटांनी मोजतेस? अठरा वर्षं एका घरात राहून मी हे एकदाही विचारलं नाही.

उत्तर नको देऊस. लिहून तर नकोच.

मला माफ कर, असंही म्हणवत नाही. ते म्हणजे पुन्हा तुलाच काहीतरी काम लावणं.

बाबा


२ जून, सोमवार

टिंब,

अक्षर मोठं काढतोय.

ओळी छोट्या ठेवतोय.

जमेल तेवढंच वाच.

भाषेचा अर्ज मी फाडला. विशेष शिक्षणाचा भरला. चार वर्षांचा.

मुलाखत होती. समोर विभागाच्या प्रमुख बाई. त्यांनी विचारलं, ‘तीस वर्षं प्रुफं तपासलीत. मग भाषा का नाही घेत?’

मी म्हटलं, ‘तिथे मी कुणाला चुकताना दिसणार नाही. म्हणून ती नको.’

‘आधी कुणाला शिकवलंय?’

माझ्याकडे तयार उत्तर होतं. पाठ करून गेलो होतो. ते न देता तुझ्या पत्राचं सांगितलं. सत्तावीस आकडाही सांगितला. तुझं नाव सांगितलं नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘तुम्हाला शिक्षा हवी असेल तर ही जागा नाही. इथे मुलं असतात. त्यांना तुमच्या पश्चात्तापाशी काही देणंघेणं नाही. त्यांना शेजारी बसणारा माणूस हवा असतो.’

मी म्हटलं, ‘बसायला जमतं. बाकी शिकावं लागेल.’

त्यांनी सही केली.

मुख्याध्यापिकांनी कागद पाहिला. ठेवून घेतलं मला. पण अर्जातला ‘पदवीधर’ माझ्याच हाताने खोडायला लावला. सगळ्या शिक्षकांसमोर. खोडला.

सुट्टीतल्या वाचनवर्गात खोडरबरला विचारलं, ‘त्या दिवशी काय लिहिलं होतंस?’ तिला आठवेना. तो कागद तिने फेकून दिलाय. मग म्हटलं, ‘आज नवीन सांग. तू बोल, मी लिहितो.’ तिने त्यांच्या इमारतीच्या लिफ्टची गोष्ट सांगितली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. आत ती आणि एक कुत्रा. कुत्रा रडत होता, म्हणून तिला रडता आलं नाही. मी शब्दन्शब्द लिहून घेतला. मग तिने तो कागद स्वतःच्या हाताने उतरवून काढला. चुका होत्या. किती, ते मोजलं नाही.

एवढंच.

बाबा


१४ जुलै, सोमवार

टिंब,

काल सकाळी अकराला फोन वाजला. मी नेहमीसारखा बाल्कनीत जायला उठलो. तुमचं बोलणं चालू असलं की मी तिथेच बसतो. आईने हात धरला. म्हणाली, ‘तुमच्यासाठी आहे.’

मी फोन कानाला लावला. तूच म्हणालीस, ‘बाबा, कॉलेज कसं आहे?’

मी जे सांगितलं ते तुझ्या लक्षात असेल. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो, तर मुलं मला प्राध्यापक समजून उभी राहिली. मी ‘बसा बसा’ म्हणत थेट मागच्या बाकावर गेलो, तर ती माना वळवून माझ्याकडेच बघत बसली, हे सर मागे बसून का शिकवतायत म्हणून. शेवटी शेजारच्या मुलीने विचारलं, ‘सर, हजेरी कधी घेणार?’

तू हसलीस.

सहा वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. त्यानंतर मी काय बोललो ते मला आठवत नाही, पण तू काय बोललीस ते सगळं आठवतं. तुझं दुकान सकाळी साडेनऊला उघडतं. तुझ्या मालकीणबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून मोठी काच तूच उचलतेस. मापं तू आकड्यांनी घेत नाहीस, दोरीला गाठ मारून घेतेस. मालकीणबाई आधी हसायच्या, आता त्याही गाठच मारतात. मी पहिल्या चाचणीत काठावर पास झालो हे ऐकून तू विचारलंस, ‘कशात अडलात?’ मी म्हटलं, ‘उत्तरं लांबली. वेळ पुरला नाही.’ तू म्हणालीस, ‘आधी मनात बोलून बघायचं, मग लिहायचं. मी तसंच करायचे.’

ते मी वहीत लिहून ठेवलंय.

मग तू म्हणालीस,

‘बाबा, मी अजून रागावलेली आहे.’

‘हो.’

‘बरेच दिवस राहणार आहे.’

‘राहा,’ मी म्हटलं.

‘आणि पत्रं नका पाठवू. वाचताना डोकं दुखतं. मी करत जाईन फोन. रविवारी.’

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. पुढच्या रविवारी तू विचारलंस, तर वाचून दाखवीन. आणि नाही विचारलंस, तर तू सांगशील ते ऐकेन.

बाबा